तिसरा नमुना

तार्तूत डिसेंबरात साडेतीनला अंधारतं.
सर्व्हरच्या खोलीत मात्र बारमाही उन्हाळा;
त्रीनू तिथंच वाळत घालते
बर्फात भिजलेले मोजे.

आज तक्रार आली. चार पानी, वकिली.
आमची नक्षी चोरलीय, साइट ताबडतोब बंद करा.
'ताबडतोब'खाली दोन रेघा.

गिऱ्हाईक कोण? सालमे वाइनू, मुहू बेट.
महिन्याला चार युरो, एकदाही थकवले नाहीत.
हातमोज्यांचे दोनशे नमुने.
त्यातला एखादा त्यांचा असेलही.

गेल्या वर्षी इंद्रेकनं असंच बटण दाबलं होतं,
न विचारता.
एका सुताराचं दुकान तीन आठवडे काळोखात.
तक्रार खोटी निघाली;
ती मागे घेणारं पत्र
एका ओळीचं होतं.

खोली भाड्यानं देणाऱ्यानं
भाडेकरूची ट्रंक उचकू नये.
पण दाराशी कुणी 'चोर, चोर' ओरडलं
तर कानात बोळेही घालू नयेत.

त्रीनू सालमेला लिहिते:
तक्रार जोडलीय, जशीच्या तशी.
वाचा. तुमचं म्हणणं कळवा.
तोवर तुमचा दिवा चालू आहे.
आणि वकिलाला:
दोनशेतला कितवा, तेवढं सांगा.

दोन दिवसांनी बेटावरून फोटो येतो:
पिवळा पडलेला हातमोजा,
मनगटाशी विणलेलं साल, एकोणीसशे एकतीस.
खाली लिहिलंय,
तिसरा त्यांचाच होता, आवडला म्हणून घेतला. काढलाय.
बाकीचे माझ्या आत्याचे.

त्रीनू फाइल बंद करत नाही अजून.
वकिलाकडून
काहीच आलेलं नाही.