बिंबलची वाटी

दोन तऱ्हेचं पाणी आहे आमच्या घरात.
एक मोजून द्यायचं,
एक मनधरणी करून.

मोजलेलं ह्यांचं. सकाळी बाटलीत भरते,
सातशे मिली, गोळ्यांच्या घोटांसकट.
दुसरं बिंबलचं.
वजन चार किलो दोनशे:
ह्यांच्याच काट्यावर, ह्यांच्या कुशीत तोललेली,
मग ह्यांना वजा केलेलं.
तोंड कायम आंबट, म्हणून बिंबल.

कुडचड्यात एप्रिल म्हणजे
घाम येतो आणि वाळत नाही.
कौलं अकरालाच तापतात.
परसातल्या काजूंचा आंबूस वास दारापर्यंत येतो,
आत यायचं त्याच्याही जिवावर येतं.
वीज गेली तरी पंखा थोडा वेळ फिरतो, सवयीने.
तोवर ती न्हाणीत भाणामागे जाऊन पडलेली असते,
पोट कोब्याला लावून, चारी पाय चार दिशांना.
इतकीशी जीभ,
आणि सगळं घर धापा टाकतं.

गुरांचे डॉक्टर लोटलीकर फोनवर म्हणाले,
बर्फाच्या पाण्यात बुडवू नका हां.
ओला टॉवेल पांघरू नका, आतली वाफ आतच राहील.
पंजे भिजवा, पोट, काखा, मग वारा घाला.
हिरडी दाबून बघा. पांढरी होऊन
लगेच गुलाबी झाली तर ठीक.

दाबते. गुलाबी होते.
मग, कुणी सांगितलेलं नसताना,
ह्यांच्या नडगीवर अंगठा दाबते.
खड्डा पडतो.
भरायला वेळ घेतो.

रस्त्यावर तिला सहानंतरच.
आधी माझा तळवा डांबरावर ठेवते, पाच आकडे मोजते.
एकदा खाणीचा ट्रक थांबला. ड्रायव्हर म्हणाला,
कितें सांडलें गे, माये?
काही नाही रे, म्हटलं,
ऊन किती उरलंय ते बघते.

तीन वाट्या ठेवल्यात, मातीच्या. स्टीलची तापते.
एक सोप्याखाली, एक न्हाणीच्या उंबऱ्याशी,
एक ह्यांच्या खाटेखाली.
पहिल्या दोन कावळ्यांच्या आणि मुंग्यांच्या.
ती पिते ती तिसरीच,
तीही ह्यांनी हात खाली सोडून
पी गो, म्हटल्यावर.

कलिंगडाच्या बिया काढून फोड देते तिला.
रस कोब्यावर सांडतो, हे बघतात.
बघायला मनाई नाही.
पेज दोघांची अळणी.
लोणचं एकटीचं माझं, ते मी
स्वयंपाकघरात उभ्यानेच खाते.

सोमवारी आणि गुरुवारी मडगाव, मशीन, चार तास.
बिंबल शेजारी एस्पेरांसकडे.
परत आलो की ती फाटकातच सांगते,
सगळो दीस दारांत बसली.
उदकाक तोंड लायलें ना.
हे राखेच्या रंगाचे, दंडावर पट्टी,
खाटेच्या कडेवर टेकतात,
चपलासुद्धा न काढता हात खाली सोडतात.
पी गो.
आणि ती पिते, पिते, वाटी सरकत भिंतीला लागेपर्यंत.

बर्फाचे सहा खडे ह्यांना दिवसाचे.
चघळायचे, सावकाश. तहान भागत नाही,
तोंडाची समजूत निघते.
परवा वहीत हिशोब लिहायला बसले तर
ह्यांच्या अक्षरात आधीच लिहिलेलं होतं:
बर्फ पाच. बिंबल एक.
मी काही बोलले नाही. बारीक खडा होता ना, एवढंच विचारलं.
बारीकच, म्हणाले.
दातांनी फोडून दिला.

रात्री पुन्हा वीज जाते.
काळोखात खाटेखालून आवाज येतो,
लप लप लप लप.
हे जागे आहेत, मला कळतं,
कारण प्रत्येक घोटाला
ह्यांच्या गळ्यातही काहीतरी वर-खाली होतं.
आवाज थांबतो.
एकवीस, म्हणतात.
काल सतराच होते.