हातचा

बानिकोआराच्या वाटेवर, उजाडायच्या आत,
बोना कपाशीत शिरते.
हातात लाकडी पाटी, पाटीला भोकं, भोकांत खुंट्या.
शेतातून तिरकं चालायचं, पंचवीस झाडं,
अळी दिसली की खुंटी एक घर पुढे.
तांबड्या रेघेला टेकली
तरच बाटलीचं बूच काढायचं.

आज थांबली दोन घरं अलीकडे.

बांधापलीकडे ओरू साबी पाठीला पंप बांधून तयार.
त्याची ही पाचवी फवारणी.
"कापसासाठी थोडंच मारतो मी?" तो हसतो,
"रात्री डोळा लागावा म्हणून मारतो."

खरंय त्याचं.
बियाणं, खत, बाटल्या,
वेचणीच्या बायकांचं जेवण, त्यातलं मीठसुद्धा
बोनाच्या वहीत आहे.
जागरण कुठल्या रकान्यात धरायचं
ते सोसायटीच्या कारकुनालाही ठाऊक नाही.

जानेवारीत, हरमाटानच्या धुळीत, काटा लागला.
ओरूचा ढीग उंच, चांगला एकशेचाळीस किलोंनी.
लोक ढीग बघतात.
वजाबाकी कोण बघतं?

बोनानं बघितली. तीनदा मांडून.
ओरूपेक्षा अकरा हजार फ्रँक जास्त.
म्हणजे सायकलचे दोन टायर
आणि वर थोडी सुटी नाणी.

रात्री कंदिलाशी धाकटी गणितात अडते:
"आई, वरचा आकडा लहान असला
तर हातचा कुठून आणायचा?"
"शेजारच्या घरातून."

पोर झोपते.
बोंडं कधीच विकून झालीत, तरी सवयीनं
बोना जागीच.
भिंतीपलीकडून, संथ, भरघोस,
ओरूचं घोरणं.