सात किलो

दुकानदारानं ती काउंटरवर ओतली
तेव्हा खालची काच थरथरली.
"सोळा मिलिमीटर. कटरचे दात पडतील."
मी विचारलं, न्यायची कशी?
तो हसला. ते काही त्याच्याकडे विकायला नव्हतं.

पहिली गाडी गेली हॉस्पिटलच्या मागच्या फाटकातून,
नोव्हेंबरात, पहाटे तीनला.
मी तिसऱ्या मजल्यावर एका म्हाताऱ्याची
ओली चादर बदलत होते.
खाली आले तर तेलाचा डाग
आणि सोललेल्या केळ्यासारखं कुलूप.

म्हणून ही.

आधी खांद्यावरून तिरकी घातली,
पट्टेवाल्याच्या पट्ट्यासारखी. रुबाब वाटला.
प्लास्टर-खोलीतल्या ओडेटनं दारातच अडवलं.
"पडलीस तर रस्ता नाही मारणार तुला,
ही मारेल," म्हणाली,
आणि माझ्या पाठीवर बोट ठेवून
एकेक मणका मोजत खाली गेली,
बाजारात भाव विचारावा तशी.

मग पाठपिशवीत.
वळणावर मी आधी वळायचे,
ती मागाहून, तिच्या मर्जीनं.
जत्रेत दमलेलं पोर पाठुंगळी घ्यावं
आणि त्याला भलतीकडचंच काही दिसावं, तसं.

मग मागच्या सीटवर, रबरी दोरांनी आवळून.
क्वारी बँकच्या उतारावर एक टोक सुटलं.
मला वाटलं मागे कुणी फटाके लावतंय.
बसवाला हॉर्न वाजवत, हात हलवत, ओरडत होता
आणि आरशात माझ्या मागे
ठिणग्यांची शेपटी.
अजून वीतभर सुटली असती
तर चाकात.

फुटपाथच्या कडेला बसले.
हेल्मेट काढता येईना, बोटं ऐकेनात.
साखळी शेजारी पडलेली, गरम,
धावून आलेल्या जनावरासारखी.
ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं बांधतात
ते त्यानं पळू नये म्हणून.
इथे पळणारी मी, पळवणारा तिसराच,
आणि लोढणं माझ्या गळ्यात.

याच उतारावरून पणजी जायची.
एडा टिमिन्स.
परसातल्या भट्टीत कडीत कडी जोडायची,
साबणाच्या खोक्यात पोर निजवलेलं,
ठिणगी उडाली की पायानं खोकं मागे सारायची.
शनिवारी ठेकेदाराकडे माल पोचवायचा.
मजुरी वजनावर.
गाडी कुठली, घोडा कुठला,
गळ्यात घालायची सगळं, आणि चालायची.
मावशी सांगते, तिच्या डाव्या खांद्याला खळगा होता;
आंघोळीला बसली की त्यात पाणी साचायचं.

मावशी थापाही मारते.

शेवटी सुचलं ते इतकं सोपं
की कुणाला सांगायची लाज वाटली:
न्यायचीच नाही.
आता ती हॉस्पिटलच्या कठड्यालाच असते,
दिवसरात्र, पावसात, कुलूप लावून.
मी येते, किल्ली फिरवते, तिच्या मिठीत गाडी देते,
सकाळी काढून घेते.
घरी? घरी गाडी स्वयंपाकघरात, फ्रिजला टेकून.
चहाला पेट्रोलचा वास येतो. चालतं.

पहिल्या रात्री गाडी इतकी हलकी झाली
की वळणावर मी गरजेपेक्षा जास्त झुकले,
नसलेल्या वजनाला सांभाळून घेत.
डावा खांदा अजून थोडा खालीच असतो.

परवा सुट्टी होती माझी.
सोमवारी पाहते तर सातव्या कडीवर ताजा ओरखडा,
खाली पांढुरका कीस.
कुणीतरी रात्रभर करवत चालवली होती.
आत गाडी नव्हती.
आत काहीच नव्हतं, कठडा सोडून.

मी ओरखड्यावरून नख फिरवलं.
अर्धा मिलिमीटर.
मग गाडी लावली,
आणि सातवी कडी आतल्या बाजूला फिरवून
वर कामाला गेले.