अकरावा टेक

बंडोरनला भरती सहाची.
डर्व्हला ओला वेटसूट अंगावर ओढत
हिशेब मांडते :
बेकरीचा लोगो कालच द्यायचा होता,
लाटा मात्र आत्ताच आहेत.

दुपारी फ्रिज बंद करते,
माइकला त्याची घरघर खपत नाही.
कोटांच्या कपाटात, गुडघे पोटाशी,
अकरावा टेक.
सूर लागतो. अगदी लागतो.
शेवटच्या ओळीला मान खाली जाते
आणि नाकातून
सकाळचा अटलांटिक
टपटप गिटारवर.

ती थांबत नाही.

रात्री लोगोतला पाव
चौथ्यांदा गोल करताना
हेडफोनमध्ये तीच टपटप.
खोडावी?
बेकरीवाल्या ग्रोगनचा मेसेज :
पाव जरा ओला का दिसतोय?

स्वयंपाकघरात
फ्रिज अजून बंदच.
लोणी
ओहोटीच्या वाळूसारखं
पसरलेलं.