हाफा बाजारातला काटा

सलालाच्या हाफा बाजारात माझा काटा आहे,
समुद्राकडे पाठ करून बसलेला.
नजदी, शजरी, होजरी —
लोबान निवडून बोटं इतकी चिकट
की चहाचा कागदी पेला हातचा सुटत नाही.

बखीत बिन सुहैल डोंगरापलीकडून येतो.
पिकअपमध्ये गोण्या, कमरेला मन्कफ,
आपल्या खुरप्याचा चुलतभाऊ.
"साल काढायची," त्यानं एकदा सांगितलं, "मांस नाही."
पहिल्या जखमेचा चीक तो टाकून देतो.
पंधरा दिवसांनी परत जातो. मग पुन्हा.
तिसऱ्या खेपेचे हिरवट पांढरे खडे, तेवढेच विकायचे.

झाड दमलं की बुंध्याशी एक दगड.
पुढल्या वर्षी दुसरा.
तिसरा पडेपर्यंत तिथं मन्कफ न्यायचा नाही,
सावलीला टेकलं तर चालतं.

यंदा एकच गोणी.
मालकाचा दुबईहून फोन :
अत्तरवाल्याला चाळीस किलो कमी पडतात,
विचार त्याला, झाडं मेली का?
माझ्या मोडक्या अरबीत ते
'तू मेलास का' असं झालं असावं,
कारण बखीत खो खो हसला
आणि म्हणाला, ये, दगड मोजून जा.

शुक्रवारी गेलो. मोजले.

माझ्या बापाला तीसपर्यंत मोजता यायचं.
धावड्याला त्यानं कुऱ्हाड घातली ती हाडापर्यंत;
ठेकेदार सिंदेवाहीला थांबलेला असायचा.
त्या उन्हाळ्यात डिंक मधाच्या रंगाचा, पोतंभर.
पुढल्या उन्हाळ्यात आम्ही रानात आणखी आत गेलो.
त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात
आत संपलं होतं.

रात्री बायकोचा फोन :
वैशूला सातवा लागलाय,
लाडवांचा डिंक परवडेना,
आणि तोही कुठूनसा बाहेरून येतो म्हणे.
"तुम्ही तोलता तो चालेल का हो?"
मी म्हटलं, तो जाळायचा असतो.
मग दोघंही गप्प.

सकाळी वही उघडली.
बखीत बिन सुहैल. आवक : एक गोणी, एकोणीस किलो.
शिल्लक :
या रकान्यात दुकानातला माल लिहितात.
मी लिहिलं, अकरा झाडं, दगडांसकट.

मालक विचारील तेव्हा विचारील.
मराठीत लिहिलंय.