चोवीस पौंड

साखर पेठेत, भांड्यांच्या दुकानामागं
मलेशम गुंडेटी रॅकेट विणतो.
विणतो हा त्याचाच शब्द, बाकी सगळे गटिंग म्हणतात.
उभे आधी, मग आडवे,
एक वरून, एक खालून,
चादरीसारखंच. फक्त पन्हा एवढासा
की दोन तळहातांत मावेल.

याच जागी त्याचा लूम होता.
भंगारात गेला, किलोवर.
फरशीत बोल्टांची चार भोकं राहिली,
एकात मशीनचा पाय बसला आहे, तीन मोकळी.
"तेव्हापण शटलच की ओ," तो म्हणतो,
"ते लाकडाचं. सुटलं तर थोबाडावर."
आणि हसतो, तेव्हा पुढचा दात दिसत नाही.

भिंतीवर एकही पोस्टर नाही. वही आहे.
लाल कापडी बांधणीची, कारखान्याच्या वेळची,
छापील रकान्यांची:
नाव. आले. मीटर. उचल. बाकी.
कामगार संपले तेव्हा निम्मी पानं कोरी होती.
मग पेपर वाचून, मुलाला विचारून
त्यानं चिनी खेळाडू भरले.

तांग श्यानहू. आले: एकोणीसशे साठ.
मीटर: कोरं.
खाली बारीक अक्षरात,
"देशच फेडरेशनमध्ये नव्हता.
माल तयार, बाजार नाही."
या ओळीवर शाई दोनदा फिरवलेली.

चांग निंग. अथेन्स, मग परत बेजिंग.
दुसरं सुवर्ण तेहतिसाव्या वर्षी.
उचल: प्रश्नचिन्ह.
मी विचारलं, हे काय?
"आधी काय काय दिलं असंल तिनं,
ते पेपरात येत नाही."

लिन दानला पान पुरलं नाही,
समासात चढला, मागं उतरला.
बाकी: जुलै वीसशे वीस.
तेव्हा शहर बंद होतं, पार्कचा हॉल कुलपात,
विणायला एकही रॅकेट नाही.
मलेशमनं एक जुनी, तडकलेली फ्रेम घेतली,
पूर्ण विणली,
नखानं वाजवून पाहिली
आणि मधोमध कात्री लावली.
"फ्रेम ताण धरत नव्हती," एवढंच सांगतो.
बायको विड्या वळता वळता म्हणते,
"खोटं बोलतंय. दोन दिवस जेवलं नाही नीट."

त्यांच्यातलं कुणी सोलापूरला आलं नाही.
येणारही नाही. त्यांच्याकडून फक्त पिसं येतात,
सोळा बदकपिसं, एकाच बाजूच्या पंखांची,
डब्यात बारा फुलं,
एप्रिलच्या झळांत दुपारपर्यंत वाळून
कडाकड मोडणारी.
डब्यात ओलं फडकं ठेवायचं मला यानंच शिकवलं.

परवा सतरा वर्षांनी रॅकेट घेऊन गेले.
तो आत तार शोधत होता, मी वही चाळली.
चिन्यांच्या नंतर, तीन कोरी पानं सोडून,

गिरिजा हत्तुरे. आले: दोन हजार एक.
मीटर: जिल्हा चार वेळा. राज्य, दुसरी फेरी.
उचल: नऊ गटिंग.
बाकी
आणि पुढं काहीच नाही.
त्यांच्या नावांखाली रेघ आहे,
पट्टी धरून मारलेली,
माझ्या खाली नाही.

मी पर्स उघडली. म्हणाले, मलेशममामा,
नऊ गटिंगचे किती होतात?
त्यानं वही मिटून मशीनखाली सरकवली,
मोकळ्या भोकावर.

"किती पौंड लावू?"
बावीस, म्हणाले. खांदा दुखतो आता.
बँकेत बसून बसून.

काही बोलला नाही. तार ओढत राहिला.
उभे झाले. आडवे झाले.
समोरच्या गल्लीत कुणाचा तरी लूम
लाइट आल्याबरोबर सुरू झाला.
शेवटची गाठ मारून त्यानं
जाळी कानाजवळ नेली, नखानं छेडली.

मी रस्त्यावर येऊन छेडली.
चोवीसच होते.