वगळायची यादी

यंत्र खोटं बोलत नाही, फक्त भोचक असतं.
गव्हातलं प्रथिन शोध म्हणावं,
तर आधी सांगत बसतं
इथं कोण कोण येऊन गेलं.

फेब्रुवारीतला शनिवार. नॉर्विचच्या बाहेर
शेताला पाठ टेकून उभी आमची प्रयोगशाळा,
पार्किंगमध्ये माझी एकटीची गाडी,
कुंपणापलीकडे वीतभर वाढलेला गहू
गुडघाभर चिखलात.
उणे ऐंशीच्या फ्रीजरमधून मी काढली
नळी क्रमांक सातशे चौदा.
झाकणावर डोरीन गेजचं अक्षर:
साताच्या पोटात आडवी रेघ,
कुणी त्याला एक समजू नये म्हणून.

ग्लुटेन धुवायला मी तिच्याच हाताखाली शिकले.
कणीक मळायची, नळाच्या बारीक धारेखाली धरायची,
पिठूळ पाणी निघून जाऊ द्यायचं,
मुठीत उरतो तो चिवट, करडा गोळा.
"हे बघ," ती म्हणाली, "यावर अख्खं गाव जगतं,
आणि माझा नातू आडवा होतो."
मी म्हटलं, तू आत्ता जे करत होतीस ना,
त्याला आमच्यात तिंबणं म्हणतात.
दिवसभर ती घोकत राहिली, टिम्बने, टिम्बने,
जणू लंडनला जाताना लागणारं
एखादं लहानसं स्टेशन.

त्या गोळ्यात एक तुकडा असतो तेहतीस कड्यांचा.
पोटातल्या कात्र्या त्याच्याभोवती फिरून दमतात.
ट्रिप्सिनला तर चावायला जागाच सापडत नाही.
बहुतेकांच्या आतड्यातून तो मुकाट निघून जातो,
डोरीनच्या नातवाच्या आतड्यात मात्र
दंगल होते.
कुठल्या जुन्या वाणात हा तुकडा कमी,
एवढाच आमचा प्रश्न.
नऊ वर्षं झाली विचारतोय.

चार वाजता यादी आली.
पहिली तीन नावं माणसाच्या केराटिनची:
कातडी, कोंडा, केस.
चौथं ट्रिप्सिन, डुकराच्या स्वादुपिंडातलं,
आम्हीच घातलेलं.
पाचवं मेंढीचं केराटिन.
गहू सहावा.

विद्यार्थ्यांना मी दरवर्षी सांगते,
वरच्या नावांकडे बघू नका, तो आपलाच केर.
एक चौकट आहे, तिच्यावर टिचकी मारली की
सगळे पडद्यावरून उठून जातात.

टिचकी मारायला हात उचलला, आणि मेंढी आडवी आली.

मी लोकर घालत नाही, अंगाला खाज सुटते.
शीतखोलीत चार अंशांवर
कोटाच्या आत राखाडी कार्डिगन घालायची ती डोरीन.
नियमात बसत नव्हतं.
कोपराला विरलेलं, डाव्या खिशात पुदिन्याच्या गोळ्या.
ज्या ग्रंथीतून ट्रिप्सिन येतं
तिथंच तिला गाठ निघाली.
मागच्या ऑक्टोबरला दोन वर्षं झाली.

वरची तीन नावं तिची की माझी,
सांगता येत नाही. केराटिन आडनाव लावत नाही.
तिनं दळलं, मी उघडलं,
दोघींचा कोंडा एकाच नळीत.
पण मेंढी तिचीच.
साक्षीला मेंढी उभी राहिली,
आणि मी शनिवारी दुपारी
यंत्राच्या पंख्याच्या घरघरीत
नाक पुसत बसले,
म्हणजे आणखी थोडं प्रथिन, आणखी थोडं मीठ.

अहवालात नियम पाळला. पाचही नावं वगळली.
सातशे चौदामध्ये तो तुकडा कमी आहे,
फार नाही, पण आहे. नातवाला पाव खाता येईल
असं यातून काही सिद्ध होत नाही.
तसं वाक्यही घातलं, शेवटून दुसरं.

मग न गाळलेली यादी वेगळी साठवली.
फाइलला नाव विचारलं यंत्रानं.
मी लिहिलं
टिम्बने.